शंभर दुरियान आणि खिळ्यावरच्या चिठ्ठ्या

ती. दाजी,

गुडघे कसे आहेत? तैपिंगच्या पावसाला कुणाच्या गुडघ्यांची दया येत नाही, हे ठाऊक आहे. तरी आधी तेच विचारतो. ताईला नमस्कार. आम्ही पेनांगकर मजेत.

यंदा मी दुरियान निवडायचं यंत्र केलं. पट्ट्यावरून फळ आलं की संगणकाला हाक जाते आणि तो हातातलं टाकून धावतो. (याला आमची पोरगी सिउ पेंग इंटरप्ट म्हणते, मी ‘सासूबाई आल्या’ म्हणतो.) धावून काय करायचं ते सिउ पेंगनं लिहिलं, पण माझ्या हुकमानं. माझा बाणा तुम्हाला माहीत आहे: काम समोर आलं की तिथल्या तिथे उरकायचं. म्हणून एका हाकेत वजन, प्रत, नोंद आणि लेबलाची छपाईसुद्धा! हाजी रमली चाचणीला आले. यंत्र पास झालं तर त्यांच्या बागेचा सबंध हंगाम आमचा. शंभर फळं सोडली, यंत्रानं एकाहत्तर मोजली. हाजी म्हणाले, “हुआत, बाकीची यंत्रानं खाल्ली का रे?” मी कान लावला. छपाई कुरकुरत असताना पाठोपाठ आलेल्या फळाची ‘टक’ अशी हाक गिळली जात होती. पोरीला सांगितलं, तर म्हणते, “पप्पा, महिनाभर मी दुसरं काय सांगतेय? हाक ऐकणाराच छापत बसला तर पुढची हाक ऐकणार कोण? त्यानं वजन टिपावं, चिठ्ठी ठेवावी, दार मोकळं करावं. छपाई मागे बसलेला दुसरा करेल, सवडीनं.” तासाभरात तिनं तसं केलं. शंभरात शंभर! हाजींनी हंगाम दिला, वर एक फळ फोडलं. (असं कडसर-गोड, की मी डोळेच मिटले.)

तेव्हापासून मीही तसाच वागतो. कुणी काही सांगितलं की “ऐकलं” म्हणायचं आणि चिठ्ठी खिळ्याला टोचायची. डोकं हलकं, भूक उत्तम. गेक चू म्हणते, “यंत्राच्या चिठ्ठ्या उचलायला पोरीनं कुणीतरी नेमलाय. तुमच्या कोण उचलणार?” ताईच्या भावजयीला शंका फार.

तुमचा,
तेइक हुआत

ता. क. काल खिळा भरला म्हणून चिठ्ठ्या सोडवल्या. सर्वांत खालची: ‘सिउ पेंगचं लग्न. दाजींकडे जातीनं पत्रिका नेणे.’ लग्न येत्या रविवारी आहे. हाजींच्या लॉरीवाल्याच्या हाती पत्रिका आणि दुरियानची पेटी पाठवतोय. मी मागच्याच महिन्यात तुमच्याकडे येऊन पत्रिका दिली आणि ताईच्या हातचा लाक्सा खाऊन गेलो, असं गेक चूला सांगितलंय. तिचा फोन आलाच तर तेवढं सांभाळून घ्या.

आणखी ता. क. आतोबा, पाकीट चिकटवायला पप्पांनी माझ्याकडे दिलं. आईला वाचून दाखवलं. ती अजून हसतेय. लग्नात थोरांना वाकून चहा द्यायचा असतो, त्यातला पहिला तुम्हा दोघांना द्यायचाय. तुम्ही येईपर्यंत मी किटली उचलणार नाही, आणि मागे दोनशे माणसं खोळंबतील. – सिउ पेंग