सासूच्या काढ्यात काय काय पडतं

४ नोव्हेंबर, मंगळवार

निरगुडीनेही तोंडघशी पाडलं!

बशीच्या प्रत्येक खान्यात पेशींचा थर, त्यावर चिकुनगुन्याचा विषाणू, त्यावर पाल्याचा अर्क. तीन दिवसांनी थरात पडलेली भोकं मोजायची. भोकं कमी, तर विषाणूला आळा बसला. नुसत्या पाण्याच्या खान्यात बासष्ट, निरगुडीच्या खान्यात साठ. म्हणजे काही नाही. एक्केचाळिसावी वनस्पती गेली.

स्मिता मॅडम ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "नमिता, अठ्ठावीसला मीटिंग. तोवर हाती काही नसेल तर झाडपाला विभाग बंद." मग मी तळोज्याच्या त्याच इमारतीत खाली, गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी करत बसणार. तीन वर्षांनी!

त्यात हा पाला आईंचा. म्हणजे सासूबाईंचा. गावठाणात कुणाला ताप आला, सांधे धरले, की "सगुणाकाकी, काढा हाय काय?" अशी हाक येते. लोक आपोआपही बरे होत असतील, हे मला कळतं. आईंना नाही समजून घ्यायचं. आज दारातच विचारलं, "काय झाला गो माझ्या पाल्याचा?" म्हटलं, अजून चाललंय. खोटारडी मी.

५ नोव्हेंबर

खाडीतल्या निवट्यांचं कालवण. दोनदा भात घेतला. या घरात धड दुःखीही राहता येत नाही!

८ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं. आई कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत होत्या. हात थांबले.

"काईच नाय?"

"काहीच नाही, आई."

"तुझ्या बशीला ताप येतो काय? सांधे हायत काय तिला?"

मी पेशी, विषाणू, सगळं समजावलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाला माझा, पन शिजवलास तू. मी कवा सांगितला पाला पानी करून घाल म्हनून? उद्या मी करते. तो ने." आणि वर, "कराडच्या पोरींना काढा जमत नाय."

वीस वर्षांपूर्वी सोडलेलं माझं कराड अजून निघतं! पण रागावल्या नाहीत. हलकं वाटलं एकदम.

९ नोव्हेंबर, रविवार

गच्चीतल्या चुलीवर काढा. मी वही आणि वजनकाटा घेऊन शेजारी. निरगुडी, आलं, मिरी, गूळ, पाणी. प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातातून हिसकावून काट्यावर ठेवायची. "आता मना पन जोख त्याच्यावर," म्हणाल्या. चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत ढवळत राहिल्या, ढवळायची काडी चुलीत टाकली, पदराने टोप उतरवला. वेळ, वजन, धग — सगळं लिहिलंय. पान भरलं.

कुंदनचा न्हावा शेव्याहून फोन, आज कंटेनर अडकलाय म्हणून. त्यात मागून आईंचा आवाज, "त्याला सांग, तुझी बायको आज शिकते हाय!"

१० नोव्हेंबर

थर्मासमधून सॅम्पल आणणारी मी पहिलीच. मॅडम हसून हसून लाल. गाळून, निर्जंतुक करून लावला एकदाचा. खान्यांवरचे आकडे लॅबमधल्या ईश्वरीने टाकले, कुठल्यात काय ते मला न सांगता. मोजताना माझं मन मध्ये यायला नको.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सात!!

पाण्याच्या खान्यात एकसष्ट, काढ्याच्या खान्यात सात! ईश्वरीने यादी उघडून दोनदा ताडून पाहिली. पेशी मेल्या असतील म्हणून तेही तपासलं — ठणठणीत. मॅडमनी स्वतः मोजलं. आठ आले त्यांना.

"टॅनिन असेल, तुरट सालीपाल्यातलं," म्हणाल्या. "ते सगळ्यालाच चिकटतं. नाचू नकोस." पण मी बाथरूममध्ये जाऊन नाचले.

घरी सांगितलं तर आई म्हणाल्या, "मंग?" आणि भाकरी उलटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी वहीत बघून मीच लॅबमध्ये काढा केला होता. तोच पाला, तोच गूळ, घरच्या नळाचं पाणी, काचेच्या भांड्यात, काचेच्या कांडीने ढवळून. आज मोजला. अठ्ठावन्न.

अरे देवा.

मॅडम शुक्रवारीच म्हणाल्या होत्या, भांडंही बघ. आईंनी काल पुन्हा काढा केला, तो आज लावला. त्याच्या शेजारी माझाही लावला, काल त्या खाली गेल्यावर त्यांच्याच टोपात केलेला, त्यांच्याच चुलीवर. आता गुरुवार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईंचा : नऊ. माझा : एकोणसाठ.

टोप तोच, चूल तीच, पाला एकाच फांदीचा! मॅडम म्हणाल्या, "जे दुसऱ्याला करता येत नाही ते मी मीटिंगमध्ये काय दाखवू?" खरं आहे. चिडायला जागा नाही.

कुंदन म्हणतो, आईच्या हाताला गुण आहे. मी ताट आपटलं. मग त्यानेच भांडी घासली, बिचाऱ्याने.

आईंना विचारलं, "काही मंत्र म्हणता का मनात? खरं सांगा."

"म्हनते की. सून लवकर वर येऊ दे, पाय दुखतान, म्हनून."

दोघी हसत सुटलो. आठ दिवस राहिले आहेत आणि मी हसतेय. पण पाकिटं तपासायला गेले तरी संध्याकाळी याच घरी यायचंय, एवढं आज पक्कं वाटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पूर्ण वही पुन्हा वाचली. एक ग्रॅमचीही चूक नाही. उद्या शेवटचा काढा. या वेळी त्या बसणार आणि मी करणार, त्यांच्या डोळ्यांदेखत.

२३ नोव्हेंबर, रविवार

ढवळायला टोपात पळी घातली आणि आईंनी मनगटावर चापट मारली. "पळी नाय घालायची, काढा नासतो!" कोपऱ्यातून काडी काढून दिली. हिरवी, ओली, साल सुटायला लागलेली. उकळीत घातल्याबरोबर काढा तांबूस व्हायला लागला. माझ्या एकाही काढ्याला हा रंग आला नव्हता. कसली काडी, विचारलं. तिवराच्या झाडाची म्हणे, खाडीवर वाऱ्याने मोडून पडलेली, दर काढ्याला नवी.

"आई, ही मला यादीत का नाही सांगितलीत?"

"ती काय औषध हाय गो? ती काडी हाय."