समुद्राकडची खोली

४ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद उ. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन हाताशी असताना आपण दोघं अजून कागद खरडतो म्हणून तुझी वहिनी हसते. हसू दे. फोनवर तुझा निम्मा वेळ मला ऐकू येतंय का हे विचारण्यात जातो आणि उरलेला निम्मा माझ्या खोकल्यावर.

इकडे पाहुण्यांचा मोसम लवकरच सुरू झाला. भाड्यानं देतो त्या समोरच्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत. घर आमचं, पण मागच्या दारानं चोरासारखे आत शिरतो ते आम्हीच. परवा एक दातांचे डॉक्टर बायकोसह येऊन गेले. स्वतःच्या उशा घेऊन आले होते. जाताना म्हणाले की सगळं उत्तम, फक्त लाटांचा आवाज रात्री थोडा कमी करता आला तर बघा. मी म्हटलं, वरच्या साहेबांच्या कानावर घालतो.

शेजारची पियानो शिकवणारी बाई घर सोडून गावात बहिणीकडे राहायला गेली. समुद्र पुढे सरकतोय म्हणे. अगं, समुद्र जवळ आहे म्हणूनच तर लोक इतक्या लांबून येतात. तो दोन पावलं आणखी जवळ आला तर आपण पाटी बदलायची, घर कशाला बदलायचं? समुद्राकडच्या मोठ्या खोलीचं दार मात्र हल्ली चौकटीत अडकतं. हवेतल्या ओलीनं लाकूड फुगतं. दोनदा रंधा मारला.

खरं काम पुढे. सुट्टीत चिऊला, जावईबापूंना आणि छोटीला इकडे पाठव. सर्वांत चांगली खोली, समुद्राकडची, मी आत्तापासून त्यांच्या नावानं राखून ठेवतो. नातीला मामाआजोबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली खोली दाखवायची आहे. तुलाही ये म्हटलं असतं, पण विमानात बसायचं म्हटलं की तुझे गुडघे आधी रडतात.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


२१ मार्च

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

माझं अक्षर बघून दचकू नका. तुमचे दादा ठीक आहेत. चादरी वाळवायला गावातल्या दुकानात आले आहे, यंत्र फिरतंय तोवर लिहिते. घरी लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं काय लिहितेस, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही.

वन्सं, चिऊला पाठवू नका.

मी रोज त्या खोल्या पुसते. बादली हातातून कलंडली तर पूर्वी पाणी जिथल्या तिथे पसरायचं. आता ते सरळ समुद्राकडच्या भिंतीला जातं आणि तिथे थांबतं. दार लाकडामुळे अडकत नाही, चौकटच वाकडी झाली आहे. खिडकीखाली चीर पडली होती, ती यांनी लांबी भरून बुजवली आणि वर निळा रंग दिला. महिन्याभरात रंगावरही रेघ उमटली. मग तिथे कपाट सरकवलं. खाली वाळूत उतरायचा जिना आहे ना, त्याची शेवटची पायरी आता हवेत लोंबकळते. पाहुण्यांची पोरं तिच्यावरून उड्या मारतात आणि माझा जीव खालीवर होतो.

पियानोवाल्या बाईंच्या घरावर नगरपालिकेनं नोटीस डकवली. पालिकेचा माणूस आमच्याकडेही आला होता. यांना तोंडी सांगून गेला की समोरच्या खोल्यांत माणसं ठेवू नका, लेखी मागून येईल. यांनी त्याला चहा पाजला, मोसमाच्या गप्पा मारल्या आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. मला म्हणाले, पोरगा आहे, वाळूचं त्याला काय कळतं.

रोज सकाळी ते बाहेर जाऊन भिंतीच्या पायथ्याशी उभे राहतात. आत आले की माझ्याकडे न बघता चहा मागतात. नोकरी सुटल्यावर हे घरच त्यांना उभं करून गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांच्या तोंडावर बोलत नाही. बोलायला हवं होतं.

काहीतरी सबब सांगा. माझं नाव मध्ये आणू नका. आणि या गरीब भावजयीला विसरू नका.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दातांच्या डॉक्टरची गोष्ट मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झाली. आमच्या बँकेतल्या कॅशियरबाईंना तर दोनदा.

चिऊचं मात्र या सुट्टीत जमेलसं दिसत नाही. जावईबापूंना रजा नाही. छोटीला प्रवास सोसत नाही, बसमध्येसुद्धा तिचं पोट बिघडतं. पुढल्या वर्षी बघू. तुम्ही दोघांनीच इकडे यावं असं माझ्या मनात आहे. घर थोडे दिवस बंद ठेवलंत तर कोणी उचलून नेणार नाही.

एक विचारू का? तुझं घर पाण्यापासून नेमकं किती लांब आहे? मागच्या फोटोत अंगण बरंच मोठं दिसत होतं. आत्ताचा एक फोटो पाठव ना.

वहिनीस नमस्कार. पाठच्या बहिणीवर माया असू दे.

तुझी,
बेबी


२५ एप्रिल

चि. बेबीस,
अ. आ. उ. वि.

खोटं बोलायला तू लहानपणीही कच्ची होतीस, अजून सुधारली नाहीस. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी जावईबापूंचा फोन येऊन गेला. रजा मंजूर झाली, तिकिटं काढली, छोटी बादली आणि फावडं घेऊन घरभर हिंडते आहे. ते बिचारे आनंदानं सांगत होते आणि मी तितक्याच आनंदानं ऐकत होतो. मग तुझं पत्र वाचलं.

तुझे कान कोणी भरले ते मी विचारणार नाही. या घरात माणसं दोनच आहेत.

घर म्हटलं की चीर पडते. आपल्या बाबांच्या घराला काय कमी तडे होते, आणि आपण त्यातच वाढलो ना? छोटीसाठी मी लाकडाचा पलंग केला आहे. कठडा असा गोल घासला आहे की कुठे टोचायचं नाही. खिडकीपाशीच ठेवला, म्हणजे उठल्याबरोबर तिला पाणी दिसेल.

फोटो काढायला सवड झाली नाही. वहिनी बरी आहे. हल्ली फार गप्प असते.

राग धरू नकोस, मीही धरत नाही.

दादा


८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

वहिनीनं मला लिहिलं, हे खरं आहे. तिच्यावर चिडू नकोस. तिला तुझ्याशी बोलता आलं नाही म्हणून ती माझ्याशी बोलली. चिऊला मी सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, मामानं स्वतः पाया घातलेलं घर आहे, आणि आई, तुला तर आमच्या तिसऱ्या मजल्याचीही भीती वाटते. जावईबापू म्हणाले की धोका असता तर मामांनी बोलावलंच नसतं. बघ दादा, ती पोरं तुझ्या शब्दावर येत आहेत. घरावर भरवसा ठेवून नव्हे, तुझ्यावर.

म्हणून तुलाच विचारते. तो नगरपालिकेचा माणूस तुला काय सांगून गेला? रोज सकाळी भिंतीपाशी उभा राहून तू काय बघतोस? आणि खोली इतकी पक्की आहे तर तुम्ही दोघं मागच्या खोलीत का निजता?

मोठ्या भावाला असं विचारणं मला शोभत नाही. पण मला तू हवा आहेस, आणि माझी नातही. यातलं एक निवडायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

उत्तराची वाट बघते.

बेबी


२० मे

चि. बेबीस,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं रास्त आहे. ज्या खोलीत मी स्वतः निजत नाही, तिथे दुसऱ्याला का निजवावं?

कालपासून मी समुद्राकडच्या खोलीत राहायला आलो आहे. अंथरूण, कपडे, पुस्तकं, सगळं हलवलं. आलेल्या पाहुण्यांना नळ बिघडलाय असं सांगून परत पाठवलं. चिऊ येईपर्यंत मी इथेच राहीन. ती उतरेल तेव्हा तिच्या हातात किल्ली देताना सांगेन, तुझा मामा इथे राहिला आणि धडधाकट आहे.

वहिनी यायला तयार नाही. मी आग्रह केला नाही.

झोप चांगली लागते. समुद्र उशाखाली बोलतो असं वाटतं. काय बोलतो ते कळत नाही, इतकंच.

दादा


२ जून

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला सगळं नीट सांगता आलं नाही. चिऊची तिकिटं रद्द झाली हे कळल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

ते त्या खोलीत राहायला गेल्यापासून मी रोज जेवायला हाक मारून त्यांना मागे आणायची आणि पानावर जमेल तितका वेळ बसवून ठेवायची. आणखी वाढू का, ताक देऊ का. एवढंच माझ्या हातात होतं. रात्री मात्र काही चालायचं नाही. भिंतीच्या अलीकडे मी जागी, पलीकडे ते जागे, आणि सकाळी दोघंही म्हणायचो की झोप छान लागली.

त्या दिवशी वारा नव्हता, ऊन होतं. दुपारची जेवणं झाली होती. मी मागे दोरीवर चादरी घालत होते आणि ते स्वयंपाकघरात चहाची वाट बघत बसले होते. कोणी भरलेलं कपाट फरशीवरून ओढत न्यावं, तसा आवाज झाला. मोठा नव्हता. मला वाटलं, तेच काही सरकवत आहेत. आत आले तर ते बोळात उभे होते आणि त्यांनी समोरच्या खोलीचं दार उघडलं होतं. बोळात कधी नव्हता इतका उजेड आला होता. दाराच्या पलीकडे जमीन नव्हती. खाली पाणी, त्यात आपलं छप्पर, आणि छोटीचा पलंग उलटा होऊन तरंगत होता.

वन्सं, त्यांनी ते दार हलकेच लोटून घेतलं. आत पाहुणे निजलेले असले की लोटतात तसं, आवाज न करता. या वेळी ते अडकलंही नाही. मग मला म्हणाले, चहा टाक.

मी टाकला नाही. हाताला धरून त्यांना फाटकाबाहेर आणलं. लहान मुलासारखे आले. पण नगरपालिकेची माणसं येऊन धोक्याच्या पट्ट्या बांधून गेली, आणि मी वळून बघते तो हे पट्टीखालून वाकून मागच्या दारानं परत आत.

मी गावात पियानोवाल्या बाईंकडे, त्यांच्या बहिणीच्या घरी राहते. रोज डबा घेऊन जाते. फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही, बाहेरून हाक मारते. ते येतात, डबा घेतात, माझी विचारपूस करतात आणि आत जातात. गुरुवारी पोलीस घेऊन येऊ असं नगरपालिकेनं सांगितलं आहे. तोवर उरलेली भिंत थांबेल का, हे त्यांनाही सांगता येत नाही.

तुमचं ते ऐकतील. फोनवर म्हटलं तसा विमानाचा विचार करा. गुडघ्यांना मी तेल लावून देईन.

तुमची,
वहिनी


३ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद उ. वि.

काल रात्री तुझा फोन आला आणि तू निघते आहेस असं वहिनीनं फाटकावरून सांगितलं. इतक्या वर्षांनी का होईना, भावाच्या घरी पाय लागणार. स्वेटर आण, संध्याकाळी आता घरात वारा फार असतो.

वहिनी सध्या गावात मैत्रिणीकडे राहते. बायकांना अधूनमधून बदल हवा असतो. शनिवारी एक कुटुंब यायचं होतं. मी मागची खोली त्यांना देऊ केली होती, पण वहिनीनं रस्त्यावरच गाडी अडवून त्यांना परत पाठवलं. असू दे. मी तिला काही बोललो नाही. गाडीत दोन लहान मुलं होती, ती मागच्या काचेतून बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

तिकडे लोक काय काय सांगतील. तू घाबरू नकोस. समोरच्या बाजूचं थोडं नुकसान झालं, एवढंच. स्वयंपाकघर जागच्या जागी आहे. नळाला पाणी आहे. बोळाचं दार मी खिळे मारून बंद केलं, त्यामुळे चुकून कोणी उघडायची भीती नाही.

माझ्या मागच्या खोलीत तुझ्यासाठी गादी घालतो. इतकी वर्षं चांगली बाजू आपण परक्यांना दिली आणि स्वतः मागे अंधारात राहिलो, याचं मला कधीकधी वाईट वाटायचं. आता तसं राहिलं नाही. आज सकाळी उठलो तर अंथरुणातूनच समुद्र दिसला.

लवकर ये.

तुझा,
दादा