मोठ्या साहेबांकडून हरताना

४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणून आपलं पत्रच बरं. सूनबाई कशी आहे? तिच्या दवाखान्यात आलेला तो लंगडा घोडा चालायला लागला का?

माझ्याकडची बातमी अशी, की मी खेळायला लागले आहे. हसू नकोस. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण चालण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. वाचनालयाच्या मागे नगरपालिकेनं पिकलबॉलची, म्हणजे छोट्या मैदानावरच्या टेनिसची, कोर्टं केली आहेत. कुणीही जावं, कुंपणाजवळच्या फळीवर आपली पॅडल, म्हणजे छोटी बॅट, ठेवून नंबर लावावा. एक दिवस त्यांचा तो भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू माझ्या पायाशी आला. परत देताना तिथल्या एका बाईंना मी सांगितलं, की मनगट असं धराल तर महिन्याभरात पट्टा बांधून फिराल. त्या म्हणाल्या, एवढं कळतं तर आत या, आम्हाला चौथं माणूस हवंच आहे. गेले. तेव्हापासून रोज जाते.

जाळीजवळच्या पट्ट्याला या खेळात ‘किचन’ म्हणतात, आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही असा नियम आहे. बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर हो म्हणणारं कुणीतरी निघालं एकदाचं!

ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केल्यामुळे मला माणसं नावानं लक्षात राहत नाहीत, दुखण्यानं राहतात. तर आमच्यात मनगट आहेत, म्हणजे त्याच वकीलबाई. गुडघा आहेत, त्यांची बेकरी होती. आणि गेल्या आठवड्यापासून एक खांदा येतात. प्रत्येक वाक्याआधी ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणतात, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात आणि चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर यावर इतका विचार करतात की तोवर आमचं अंग गार पडतं. काल मी त्यांना अकरा-दोननं धुतलं.

तुझ्या बदलीचं काय झालं? दोन वर्षं झाली अर्ज करून. पूल तपासणारे इंजिनिअर आमच्या गावात काय कमी लागतात? तो तुझा मोठा साहेब फाइल उशाखाली घेऊन झोपतो की काय? बाबांनी जाताना तुझा हात धरून आईपाशी राहा म्हटलं, तू हो म्हणालास, आणि मधे आडवा पडलाय तो हा परका माणूस. मुख्य कार्यालय माझ्या घरापासून दोन चौक पलीकडे आहे. एकदा जाऊन त्याला बघूनच येणार आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं वाढव.

तुझी आई


९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घोडा बरा आहे. आता महत्त्वाचं. त्या खांदावाल्यांचे मोजे नारिंगी असतात का? पाणी पिताना ते बाटली तोंडापासून वीतभर लांब धरतात आणि निम्मं पाणी शर्टावर सांडतात का? तसं असेल तर आई, तू ज्यांना अकरा-दोननं धुतलंस ते आमचे मोठे साहेब आहेत.

तुझ्या पाया पडतो, त्यांच्याकडून हर. एकदम नको, संशय येईल, पण सवय लाव. तू माझी आई आहेस हे त्यांना कळू देऊ नकोस. आणि बदलीचा विषय तर अजिबात काढू नकोस. फाइल सध्या फार नाजूक अवस्थेत आहे. कार्यालयात तर जाऊच नकोस, तिथे रंगकाम चालू आहे. शक्य असेल तर खेळायची वेळच बदल. फोन करून सांगणार होतो, पण तू उचलत नाहीस. कोर्टावर असतेस.

पोहणं फार चांगला व्यायाम आहे असं वाचलं.

तुझा आज्ञाधारक (आणि घाबरलेला) मुलगा


१५ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

मोजे नारिंगीच आहेत.

तू सांगितलंस म्हणून हरायला गेले. मी आणि मनगट एका बाजूला, साहेब आणि गुडघा दुसऱ्या. बाळा, त्या माणसाकडून हरणं म्हणजे साधी गोष्ट नाही रे. या खेळात सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळतो, आणि साहेबांची सर्व्हिस जाळीवरून जाईल तर ना! मी चेंडू त्यांच्यापुढे असा अलगद ठेवत होते, जसा तुला लहानपणी घास भरवायचे. तू निदान तोंड तरी उघडायचास. ते चेंडू सरळ वाचनालयाच्या खिडकीवर मारायचे. मग मी मुद्दाम चुकून किचनमध्ये पाय टाकायला गेले, तर ते माझ्या आधी त्यांच्या किचनमध्ये दोन्ही पायांनी उभे! एवढं करूनही आम्ही अकरा-नऊनं जिंकलो. मनगट माझ्याशी बोलेनाशा झाल्या, त्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

खेळ संपल्यावर साहेब माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या तुम्ही आज हरायचा प्रयत्न करत होतात. मग ते शर्टावर पाणी सांडत म्हणाले, की ऑफिसात कॅरमला त्यांना सगळे जिंकू देतात, वादात जिंकू देतात, विनोद सांगितला तर संपायच्या आधीच हसतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अकरा-दोननं मनापासून हरवलं, म्हणून ते खांदा दुखत असताना रोज येतात. आता तुम्हीही तसंच करणार असाल तर मग कशाला यायचं?

मला इतकं ओशाळं झालं की लगेच दुसरा डाव मांडला आणि अकरा-शून्यनं हरवलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास, वाढदिवस असल्यासारखा खुलला होता. मार्चमध्ये कोर्टावर सामने आहेत, त्यात माझे जोडीदार व्हा म्हणाले. मी हो म्हटलं. तुझं नाव काढलेलं नाही. पण असा भला माणूस तुझी फाइल का अडवतो, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

नारळासारखा वरून कडक दिसतो एवढंच. तू काळजी करू नकोस आणि सूनबाईला सांभाळ.

तुझी आई


२० फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

जोडीदार होऊ नकोस! गुडघ्यांना घे. मनगटांना घे. साहेब कोर्टावर भले असतील, पण ऑफिसात वेगळे असतात. शिवाय फाइल आता त्यांच्याकडे नाहीच, वरच्या कार्यालयात गेली आहे, म्हणजे त्यांना विचारून काही उपयोगही नाही. किंवा गेली नसेल तर जाईल. तू फक्त विचारू नकोस.

तुला विणकामाची एवढी आवड होती, ती का सोडलीस? उत्तम लोकर पाठवतो.

लोभ ठेव, आणि तोंडावर थोडा ताबा.

तुझा मुलगा


२४ फेब्रुवारी

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही खेळायला लागलात हे ऐकून मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. आमच्या कंपाउंडरला तुमचा फोटो हवा आहे.

पत्र यांना न सांगता लिहितेय. यांचं काहीतरी बिनसलंय. गेल्या आठवड्यात तपासलेला पूल परवा पुन्हा तपासून आले. जेवताना मधेच विचारतात, आई कधी विणत होती का गं? तिकडे काही झालंय का? तब्येत बरी आहे ना तुमची?

आणखी एक मनात आहे. मला इथल्या जनावरांच्या दवाखान्याची मुख्य डॉक्टर करायचं म्हणतायत. मी नाही म्हटलं, कारण बदलीचं पत्र कधीही येईल. बाबा गेल्यावर मीच यांच्या मागे लागून अर्ज करायला लावला होता, तेव्हा आता तक्रार करायचा मला हक्क नाही. घरमालक हे घर आम्हालाच विकायला तयार आहेत. हे आधी हो म्हणाले, मग नाही, मग दिवसभर परसात जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालत बसले. ते झाड वाहून जायचं फक्त राहिलंय.

तुम्ही जिंकून या. आमच्या घोड्याचाही तुम्हाला नमस्कार.

तुमची सून


११ मार्च

चि. भोंग्यास,
आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच आहे.

काल आमचा उपांत्य सामना झाला. बघायला शंभरेक माणसं होती. नऊ-नऊ झाले होते. समोरच्यांचा चेंडू आमच्या मागच्या रेषेजवळ पडला. आत की बाहेर हे आपल्या बाजूचं आपणच सांगायचं असतं. साहेब वाकून बघत बसले. म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या निर्णयाला थोडा वेळ लागेल. त्यांनी चष्मा शोधला, पुन्हा वाकले. माझं डोकं फिरलं. मी भर कोर्टावर ओरडले, की तुमचा वेळ मला चांगला ठाऊक आहे, माझ्या मुलाच्या बदलीच्या अर्जावरही तुम्ही असेच दोन वर्षं वाकून बसला आहात!

साहेब सरळ झाले. कोण मुलगा, विचारलं. मी सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, की तुमच्या मुलानं कधी अर्जच केला नाही. उलट त्यांनीच दोनदा विचारलं, मुख्य कार्यालयात येतोस का, घरी आई एकटी असेल. तू म्हणालास, आईचं छान चाललंय, मी इथेच बरा आहे.

माझी सर्व्हिस जाळीत गेली. त्यानंतरचीही गेली. आम्ही हरलो. साहेबांनी मला घरापर्यंत सोडलं आणि वाटभर एकदाही ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणाले नाहीत.

घरी येऊन तुझी खोली झाडायला घेतली. मग वाटलं, कुणासाठी झाडतेय मी? केरसुणी तिथेच टाकली. आधी राग आला, इतका की तुला फोन करायला उठले. मग सूनबाईचं पत्र परत वाचलं. माझ्या तोंडावर तू नाही म्हणू शकला नाहीस, तिच्या तोंडावरही नाही. लहानपणी औषध नको असलं की भोंगा पसरून सगळी आळी गोळा करायचास. तेवढं तरी करायचंस की रे.

लगेच उत्तर लिहू नकोस. आधी तिला सांग.

आई


१८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तिला सांगितलं. दोन दिवस ती फक्त मांजराशी बोलत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी तुझ्यामुळे मोठी जागा नाकारली आणि तू आईंमुळे खोटं बोललास, आणि त्या बिचाऱ्या तिकडे तुझ्यासाठी साहेबांना घास भरवत होत्या.

बाबांनी हात धरला तेव्हा हो म्हणालो ते खरंच म्हणालो होतो, आई. इथे परत आल्यावर मात्र अर्ज लिहायला बसलो की नदीवरचे माझे पूल आठवायचे, हिचा दवाखाना आठवायचा. उद्या लिहू म्हणायचो. मग तू विचारलंस तेव्हा केलाय म्हणालो, आणि पुढे साहेबांना खलनायक करणं सोपं होतं.

आता खरंच अर्ज केला आहे. काल साहेबांच्या नावे गेला. हिचीही हरकत नाही, मनापासून नाही. एप्रिलअखेर आम्ही तुझ्याजवळ असू. मला माफ कर.

तुझा मुलगा


२६ मार्च

चि. भोंगा आणि चि. सौ. सूनबाई यांस,
अनेक आशीर्वाद. या वेळी मोजू नका.

हे पत्र दोघांनी मिळून वाचायचं. भोंग्या, तुझा अर्ज नामंजूर झाला आहे. साहेबांवर चिडू नकोस, मीच नामंजूर करायला लावला. सकाळी त्यांनी कोर्टावर मला आनंदानं सांगितलं, की तुमच्या मुलाचा अर्ज आला, आजच सही करतो, दोन वर्षांचा ठपका एका दिवसात धुऊन टाकतो. मी म्हटलं, आधी बसा.

बाबा गेले तेव्हा मला तू हवा होतास. फार हवा होतास. घरात भांडं पडलं तरी दचकायचे. पण ते दिवस कधी सरले ते मलाच कळलं नाही, आणि मी मात्र ‘कधी येतोस’ विचारतच राहिले, कारण आईनं ते विचारायचं असतं. तू हो म्हणत राहिलास, कारण मुलानं ते म्हणायचं असतं. सूनबाई मुकाट सामान बांधायच्या तयारीत, कारण सुनेनं… जाऊ दे. तिघांनी मिळून काय तो घोळ घातला! तुम्ही नकोत असं नाही रे. उद्या अंथरुणाला खिळले तर मी भोंगा पसरेनच, तेव्हा दोघांनीही धावत यायचं. पण आज मी सकाळी खेळते, दुपारी मनगटांकडे पत्ते, संध्याकाळी गुडघ्यांना व्यायाम शिकवते. तू आलास तर तुझ्या डब्याची वेळ आणि माझ्या कोर्टाची वेळ एकच, आणि डब्याला मी नाही म्हणू शकणार नाही. मग मी खोटं बोलायला लागेन.

सूनबाई, मुख्य डॉक्टरची जागा अजून रिकामी असेल तर उद्याच जाऊन हो म्हण. भरली असेल तर भांडून घे. घराचंही पक्कं करा. सुट्टीत आठ दिवस दोघं या. तुमच्या खोलीत शिलाईचं यंत्र आलंय, तुम्ही बाहेर झोपायचं.

साहेब आधी तयारच होईनात. म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या सबळ कारणाशिवाय अर्ज फेटाळता येत नाही. मी म्हटलं, कारण मी देते, तुम्ही लिहा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का? डोळे पुसायला मी त्यांचाच घामाचा टॉवेल घेतला आणि म्हटलं, नक्की. मग त्यांनी लिहिलं. कागद तुला पोचेलच. शिक्क्याच्या वर, त्यांच्या अक्षरात, कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे: ‘अर्जदाराच्या आईची हरकत आहे.’

तुमची आई