प्रसादाला डावा हात

म्हसळा, दसरा

प्रिय बाई,

सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. मी गावच्या शाळेतून आलेला, मला 'बाई'च जवळचं. तुम्ही निवृत्त झाल्यापासून तुमची प्रयोगशाळा मी सांभाळतो. परवा एम.एस्सी.च्या नव्या मुलांसाठी सुरक्षिततेचा पहिला तास आहे. त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच विचारावीशी वाटली.

काल खंडेनवमीला आम्ही उपकरणांची पूजा केली. हळद-कुंकू आणि झेंडू आत, दिवा-उदबत्ती बाहेर पायरीवर. "देव पायरीवरही बसतो रे, ॲसिटोन कुणाचं ऐकत नाही," असं म्हणायचात ना?

प्रसाद वाटताना सायलीने डावा हात पुढे केला. आगरदांड्याची ही मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करते, घरची देवभोळी. मी सवयीने म्हटलं, "अगं, उजवा!" तिने तो ओढणीतून काढलाच नाही. तळवा भाजला होता. मी येण्याआधी तिने आतच उदबत्ती लावली होती. ॲसिटोनने भिजलेला कापसाचा बोळा पेटला, तो तिने हाताने दाबून विझवला.

दवाखान्यातून परतताना विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"पूजेच्या दिवशी अपशकुन झाला म्हणाला असतात तुम्ही. आणि सर, तुम्ही ओरडत नाही, एकदम गप्प बसता. त्याचीच जास्त भीती वाटते."

बाई, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही!

नियम तर मुलांना पाठ आहेत. पण ते मोडल्यावर माझ्याकडे यायला मन धजावत नसेल, तर पुढच्या वेळी तळव्यावर निभावेल का? थर्मामीटर फुटला की आम्ही तुमच्याकडेच धावायचो. कसं जमवलंत? तुम्ही आधी "लागलं का?" विचारायचात, एवढंच आठवतं. तेवढं पुरे होतं?

सकाळी देवालाही विचारलं. तोही माझ्यासारखाच गप्प!

शेवटी सायलीलाच म्हटलं, तास तू घे.

"खरं सांगू सगळं? उदबत्तीचं? तुमच्या गप्प बसण्याचं पण?"

"सांग."

"मग तुम्ही मागच्या बाकावर. आणि तोंड पाडून बसायचं न्हाय हां, सर!"

बसेन, बाई. आणि यापुढे कुणी काहीही फोडून, सांडून, जाळून माझ्या दारात आलं, तर गप्प होणार नाही, हे वचन. आधी त्याचे हात बघेन. मग बोलेन.

तुमचा विद्यार्थी,
सदानंद