सरांची पेटी रिनाताईला

आणि त्या दिवशी फोनवर मी दारू पिऊन बोललो नव्हतो. माझी बहीण रिनाताई गावात काहीही सांगो. मी तेव्हाही शुद्धीत होतो आणि आजही आहे. मी निकेश घनश्याम शेंडे, वय सत्तावीस, शिक्षण आठवी नापास, गाव मूल तालुक्यात, सध्या मुक्काम हैदराबाद, कोणाच्या धाकाने नाही तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहितो. हे काही मरायचं वय नाही, मलाही कळते. पण परवापासून मोबाईलच्या टॉवरवर चढायचं काम आहे आणि "पडलो तर जबाबदार मीच" अशी सही ठेकेदाराने घेऊन ठेवली. त्याचा कागद झाला, आता माझा होऊ द्या. हॉटेल झालं, बोअरची गाडी झाली, भंगाराचं दुकान झालं. कुठेच टिकलो नाही. थकलो आहे.

कलम १. घरातला माझा हिस्सा आई प्रेमिला हिचा. तिच्या हयातीत मधात भिंत घालू नये.

कलम २. बाबांचा डोंगा, म्हणजे लहान नाव, काकाने मासोळीसाठी दोन दिवस म्हणून नेला, तो अजून आणून राह्यला आहे. तो काकालाच दिला. निदान चोरीचा राहणार नाही.

कलम ३. डाग द्यायची (सोल्डरिंगची) सळई, पेचकस, मीटर हे सगळं लालसूला. तो माझ्यासोबत भंगारात काम करतो. हात चांगला आहे, फक्त गरम सळई पलंगावर ठेवतो.

कलम ४. सरांची पेटी. हे कलम मी मरायची वाट न पाहता आजपासून लागू.

मी आईच्या पोटात होतो तेव्हा तलावातल्या मासोळ्यांची पाहणी करायला एक सर गावात आले होते. बाबा त्यांना डोंग्यातून फिरवत. सरांचा जाडजूड लॅपटॉप बंद पडला, तो "पुढच्या साली नेतो" म्हणून आमच्या घरी ठेवून गेले. सर आले नाहीत. मी दोन वर्षांचा असताना बाबा गेले. आईने त्या पेटीवर देवाचा दिवा ठेवला.

ती मी हैदराबादला आणली. भंगाराच्या दुकानातले उस्ताद म्हणाले, यात विंडोज नाही, युनिक्स आहे. आतल्या घड्याळाची बॅटरी मेली होती म्हणून पेटी स्वतःची ओळखच विसरली होती. ती चिप कानशीने घासून वरून नवा सेल जोडला. मग पासवर्ड मागायला लागली. तेव्हा बाहेरच्या सीडीवरून चालू केली, आत शिरलो आणि पासवर्डच्या फाईलीतली सरांच्या नावापुढची गिचमिड अक्षरं खोडली. दार उघडलं. उस्ताद म्हणाले, "अब नया पासवर्ड डाल." मी म्हटलं, "काऊन?" आपलं काऊन म्हणजे "कशाला", हे त्यांना कळत नाही. त्यांना "कौन" ऐकू आलं, तोच पासवर्ड टाकला.

पेटी गावी पाठवली. ताईचा फोन आला.

"पासवर्ड सांग."

"कौन."

"मी रिना बोलून राह्यली."

"मालूम हाय. कौन!"

"अबे, तुही बहीण! तिकडं जाऊन माहा आवाजही भुलला का?"

मला हसू आलं. ती म्हणाली, "पिऊन हायेस तू," आणि नंबर ब्लॉक केला. आईला म्हटलं, तू सांग. आई म्हणते, "तुमी दोघं बोला, मी का टेलिफोन हाओ?" मग मीही हट्टाला पेटलो.

तर पासवर्ड: के, ए, यू, एन. सगळी लहान अक्षरं.

आत काय आहे ते मी सांगितलं नव्हतं, कारण दोघींनी एकत्र ऐकावं असं वाटत होतं. आता सांगतो. सरांनी बाबांचा आवाज भरून ठेवला आहे. बाबा मासोळ्यांची नावं सांगून राह्यले आहेत, मरळ, वाम, झिंगे. सर विचारतात, "याला काटे असतात?" बाबा म्हणतात, "तुमी खाऊन पाहा न सर, मंग मले सांगा." मग मधातच ओरडतात, "रिने! खोल पान्यात नोको जाऊ वो!"

बाबांचा आवाज मी कळत्या वयात पहिल्यांदाच ऐकला. त्यात माझं नाव नाही, ताईचं आहे. म्हणून पेटी ताईची.

मूलचा अंकुश कॉम्प्युटरवाला ती आतून पुसून शहरातल्या जुन्या मशिनींच्या शौकीन गिऱ्हाईकाला देणार आहे असं आई म्हणाली. पुसली तर बाबा गेले. दुसरीकडे कुठेच नाहीत. ताईने इसार घेतला आहे, हेही कळलं. इसार परत केला की सौदा मोडतो. अंकुश कुरकुर करेल, करू दे.

साक्षीदार: लालसू पुंगाटी, भामरागड. उस्ताद सलीम यांनी उर्दूत सही केली आहे, ती चालते.

सही: नि. घ. शेंडे
हैदराबाद, १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. लालसू गावी जाऊन राह्यला आहे. हा कागद तो वाटेत आईच्या हाती देईल. सोबत अंकुशचा इसार पाठवतो: रुपये दोन हजार फक्त.