यांचे बूट, आत्याबाईंची हाळी

२५ नोव्हेंबर १९७४, सोमवार. इस्लामपूर

यांचं पत्र. वर तारीख १३, म्हणजे नेहमीचे बारा दिवस. बर्फातल्या ठाण्यावर आहेत, गावाचं नाव लिहायची परवानगी नाही. सुट्टी फेब्रुवारीत.

मी मागे सहज लिहिलं होतं की चौथीच्या पोरींना पळायला लावते आणि धाप मलाच लागते. त्यावर उत्तर आलंय: "मास्तरीणबाई, मी येईपर्यंत दोन मैल न थांबता पळायला शिका. मग दोघं पळू. थांबलात तर सुट्टीभर माझे बूट तुम्ही पॉलिश करायचे. नाही थांबलात तर नळावरचं पाणी मी भरीन, सगळ्या आळीदेखत."

यांना डोक्यावर हंडा घेतलेलं बघायचंच आहे मला. ठरलं. दोन मैल म्हणजे शिराळ्याच्या रस्त्यानं तिसरा किलोमीटरचा दगड, आणि थोडं पुढं पाणंदीच्या तोंडापर्यंत.

२७ नोव्हें.

पहाटे साडेपाच. पहिल्या दगडाच्याही अलीकडे निऱ्या पायात आल्या आणि आडवी झाले. गुडघा सोलला. कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग होती. एक गाडीवान म्हणाला, "बाई, कोण मागं लागलंय?" दुसरा म्हणाला, "आवं बाई, जरा बेतानं, बैलं बुजत्यात!"

घरी आल्यावर सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, विचारलंच. पैज सांगितली. वाटलं, रागावतील. त्या नुसत्या हसल्या. "गोल साडीत कुणी पळतं का? खुळी हायस." ट्रंकेतून त्यांचं जुनं लुगडं काढून दिलं.

२९ नोव्हें.

लुगडं, घट्ट कासोटा. काय सुटसुटीत! आणि एक गंमत. गोल साडीत पळत होते तेव्हा सगळे वळून बघत होते. कासोट्यात कुणी मानही वळवली नाही. बाई शेतावर घाईनं निघालीय, एवढंच वाटलं असेल.

पायात यांचे जुने तपकिरी कॅनव्हासचे बूट, फौजेतले. मला दोन अंगुळं मोठे. बोटांच्या पुढं कापूस ठासून भरलाय.

२ डिसेंबर

एक मैल! मध्ये दोनदा चालले, पण एक मैल. यांना लिहिलं: काही दुखत नाही, रोज पळू का, वाढवू का?

१२ डिसें.

उजवी नडगी दुखते. बसून उठताना जास्त, पळायला लागलं की थोडी कमी होते. असं का? उठताना दुखावं आणि पळताना कमी व्हावं, हे उलटंच. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

१६ डिसें.

दोन्ही यांना लिहिलं. उजव्या नडगीचं चित्र काढून कुठं दुखतं तिथं फुली मारली. भूगोलाचा नकाशा झाला.

२६ डिसें., गुरुवार

उत्तर आलं! "वाढव. रोज पळ. एक दिवसही थांबू नको. सुरुवातीची दुखणी सगळी नाटकी असतात."

नडगी ठणकतेय, पण यांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. फौजेत पोरं तयार करतात ते. उद्यापासून रोज.

२९ डिसें.

शाळेच्या पायऱ्या कठडा धरून चढले. हेडबाई म्हणाल्या, "काय हो, पडलात?"

संध्याकाळी यांचं पत्र परत काढलं. तारीख १४ डिसेंबर. म्हणजे ते माझ्या २ तारखेच्या पत्राचं उत्तर. काही दुखत नाही म्हणून लिहिलं होतं त्याचं! नडगीचं पत्र यांच्या हातात पोचलंही नव्हतं. दुखणं डिसेंबरअखेरचं आणि औषध महिन्याच्या सुरुवातीचं घेऊन बसले मी. चौथीला पत्रलेखन शिकवते, तारीख आधी बघा म्हणते. शरम वाटली.

आत्याबाईंना शेवटी पाय दाखवला. त्यांनी अंगठ्यानं नडगी दाबत दाबत खाली आणली. एका जागी मी ओरडले.

"हितंच. डांबरावर पळतीस व्हय?"

"हो."

"डांबरावर मेंढरूसुद्धा लंगडतं. आनि बूट त्याचं, पाय तुझा. मेळ कसा बसायचा?"

आत्याबाई म्हसवडकडच्या. चाळिशीपर्यंत मेंढरांमागं कोकणात उतरायच्या आणि परत चढायच्या, दर साल. हे मला माहीत होतं. पण पायांबद्दल त्यांना काही विचारावं, असं पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही. पत्रं पार हिमालयात पाठवत बसले.

३० डिसें.

आत्याबाईंचं फर्मान: पंधरा दिवस पळणं बंद. रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय. मग ओवा घालून कढवलेलं करडईचं तेल, खालून वर. चालायचं, पण नळापर्यंतच. "आमी पन एक दिस लांबचा चालायचो, एक दिस मुक्कामाचा. रोज लांबचं चालाय कोन सांगितलं?"

तुमच्या मुलानं, म्हटलं. "त्याला काय कळतंय!"

४ जानेवारी १९७५

बाजारात बूट बघितले. बायकांसाठी पळायचे बूट नसतातच. दुकानदार सपाता दाखवत बसला. शेवटी पोरांचे शाळेतले पांढरे कॅनव्हासचे घातले तर पाच नंबर फिट्ट. "मुलगा कितवीत आहे, बाई?" म्हटलं, चौथीत.

पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, एवढं मात्र काळ्या नखानं शिकवलं. यांचे बूट कापसासकट ट्रंकेत टाकले.

९ जाने.

यांचं पत्र, नडगीचं उत्तर. विचित्र आहे. नडगीबद्दल एकच ओळ: थांब. नखाबद्दल मात्र अर्धं पान. "बोटं कोमट पाण्यात ठेव, कढत नको. चोळू मुळीच नको. विस्तवाजवळ नेऊ नको. रंग रोज बघ."

एका काळ्या नखासाठी विस्तव कशाला? आत्याबाईंना वाचून दाखवलं. "चोळू नको? आमी तर चोळतोच की."

आणखी एक. पत्रावर ४ तारीख. पाच दिवसांत आलं! बाराचे पाच कसे झाले? टपालखातं एकाएकी एवढं सुधारलं?

१४ जाने., संक्रांत

सकाळी तिळगूळ, आणि पहिल्यांदा पळायला परवानगी. डांबरावर नाही, कडेच्या गाडीवाटेनं. आत्याबाई पहिल्या दगडापर्यंत बरोबर चालत आल्या. त्यांचा नियम: "पळता पळता हाळी देता आली पायजे. मेंढरामागं हाळी तुटली की समजायचं, चाल जादा झाली."

लाजत लाजत दिली. हुर्र्या! त्या खेकसल्या, "आगं, मेंढराला ऐकू जाऊ दे की!" मोठ्यानं दिली. उसाच्या गाडीवरनं कुणीतरी परत दिली.

२१ जाने.

हाळीचा प्रयोग. शंभर पावलांनी एक. जिथं आवाज फाटतो तिथं वेग कमी करते. आठवडाभरात फाटायची जागा पहिल्या दगडापासून दुसऱ्याच्या पुढं सरकलीय, आणि पाय दुखत नाहीत. हळू पळून लांब जाता येतं, हे मला कुणी का सांगितलं नाही? दिवसाआड पळते. मधल्या दिवशी अंगात जास्त उत्साह असतो, तोच दाबायला जड जातं.

यांचं पत्र परत पाच दिवसांत. मी विचारलं होतं, कुठं आहात? "खाली आलोय. ट्रेनिंगला." एवढंच. पळण्याबद्दल एक अक्षर नाही. पैजेबद्दलही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन मैल. पाणंदीच्या तोंडापर्यंत, एकदाही न थांबता. हाळी शेवटपर्यंत शाबूत. बांधावर बसून रडले. असं रडू कधी आलं नव्हतं मला. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता घासून ठेव हंडा."

९ फेब्रु.

आले. एस.टी.तून उतरताना आधी पिशवी, मग उजवा पाय, मग दांडा धरून डावा. मी बघत राहिले. "मोच आलीय," म्हणाले.

घरात बूट काढेनात. आत्याबाई म्हणाल्या, "बूट काढ." आईपुढं काय चालणार? डाव्या पायाची शेवटची दोन बोटं नाहीत. डिसेंबरात बर्फानं गेली. जानेवारीभर पुण्याला लष्करी दवाखान्यात होते. म्हणून पाच दिवस.

खूप भांडले. तुमच्या पायाचं औषध माझ्या नखाला लिहिता आणि मला कळवत नाही? मी हाळ्या देत गावभर पळत होते आणि तुम्ही तिथं... म्हणाले, "तुझी पत्रं वाचून तेवढंच बरं वाटायचं. मी हे लिहिलं असतं तर तू पळणं सोडलं असतंस."

ते खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

१० फेब्रु.

बाकीचं आज बोलले. ३ मार्चला पुण्यात मेडिकल बोर्ड. दोन मैल, अठरा मिनिटं. जमलं तर पलटणीत. नाही तर घरी, कायमचं. "पैज सोड, शालन. मला दवाखान्याच्या व्हरांड्यात धड चालता येत नव्हतं. आणि फौज सोडून मला दुसरं येतं काय?"

आवाज बारीक झाला होता. चौदा वर्षांची नोकरी. मला भीती वाटली, खरं सांगायचं तर. हे घरी राहतील याची नाही, असे राहतील याची.

आत्याबाई जमिनीवर बसून पाय उलटसुलट बघत होत्या. "जखम भरलीया. लंगडं मेंढरू बी कळपामागं येतंच की. उद्या पहिल्या दगडापातूर, चालत."

१३ फेब्रु.

चालतात, पण नव्या बुटात डावा पाय पुढं घसरतो. रिकाम्या जागेत कापड मुडपतं आणि जखमेला घासतं. मोज्याला रक्त.

मला ट्रंक आठवली. जुने तपकिरी बूट काढले. उजव्यातला कापूस मी ओढून काढला. डाव्यातलाही काढणार होते, तर हे म्हणाले, "थांब." अंगठ्याकडचा कापूस कातरून काढला, शेवटच्या दोन बोटांच्या जागचा तेवढा ठेवला आणि पाय घातला. उभे राहिले. दोन पावलं टाकली, मग अंगणात फेरी. माझ्या पायाच्या मापानं दाबलेला कापूस बरोब्बर त्या दोन बोटांच्या जागी बसला.

 माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून म्हणाले, "हे कुणाचे?" चौथीतल्या मुलाचे, म्हटलं. कितीतरी दिवसांनी हसले.

२० फेब्रु.

दुसऱ्या दगडापर्यंत पळाले. दोघं एकत्र. यांचा हट्ट रोज पळायचा. "एक दिस लांबचा, एक दिस मुक्कामाचा," मी आत्याबाईंच्याच आवाजात सांगितलं. हवालदाराला हुकूम देताना बरं वाटतं.

हाळी मात्र देत नाहीत. लाज वाटते म्हणे! बर्फात पहारा दिलेल्या माणसाला.

२७ फेब्रु.

दोन मैल पूर्ण. घड्याळ माझ्या मनगटावर. वीस मिनिटं दहा सेकंद. दोन मिनिटं जास्त. मी आकडा सांगेना, तर यांनी मनगट धरून बघितलं.

येताना आम्ही चालत आलो. तिसऱ्या दगडाशी थांबून यांनी एकदम हाळी दिली. एवढी मोठी की गाडीवाल्यांची बैलं खरंच बुजली. "बघितलंस? अजून दम शिल्लक आहे. म्हणजे मी हळू पळत होतो." हे मला सुचायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

सकाळी उठले तर हंडा जागेवर नाही. दारात जाऊन बघते तर नळावर रांगेत हे. सगळी आळी बघतेय. एक बाई म्हणाली, "आवं हवालदार, ह्ये काय?" "हरलो," म्हणाले, "दोन मैल."

आम्ही पैजेचं पळालोच कुठं, असं मी म्हणणार होते. पण म्हटलं नाही.

दहाच्या एस.टी.नं गेले. तपकिरी बूट वेगळ्या पिशवीत, कापूस आत. आत्याबाईंनी वर करडईच्या तेलाची बाटली ठेवली. निघताना म्हणाले, "निकाल लागला की लगेच लिहितो."

तारीख घालून लिहा, म्हटलं.

आज माझा मुक्कामाचा दिवस. तरी संध्याकाळी गाडीवाटेनं पहिल्या दगडापर्यंत जाऊन आले, चालतच. पुण्याचं पत्र यायला किती दिवस लागतील, ते बोटांवर मोजत होते.