देवीपुढची पिवळी कडी

जळगाव, खंडेनवमी, १९८९

सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पूजेत सफाईवाल्या सुमनअक्कांनी माहिती साठवायच्या सगळ्या टेपच्या चकत्यांमागच्या पिवळ्या प्लास्टिकच्या कड्या काढून देवीपुढे बांगड्यांसारख्या मांडल्या. मी खेकसलो. कडी नसली की टेपवर काही लिहिताच येत नाही, पण हे त्यांना काय सांगणार? "भाऊ, पूजा व्हयनी का लाई देसू," म्हणाल्या, म्हणजे पूजा झाली की परत लावून देणार.

दुपारी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली प्रोग्रामची दुरुस्ती चढवली आणि मशीन उठेचना. आधार एकच, काल टेपवर घेतलेली, दुरुस्तीआधीची प्रत. ती लावली आणि घाईत, काय ही अक्कल माझी, टेपवरचं मशीनवर घ्यायचं सोडून मशीनवरचं टेपवर लिहायचा हुकूम दिला! म्हणजे एकुलत्या एका चांगल्या प्रतीवर बिघाडच लिहिला गेला असता. नोकरीच गेली असती, दुसरं काय.

पण मशीन अडलं. टेपला कडी नाही.

ती पिवळी कडी! मग बरोबर हुकूम दिला आणि चार वाजता मशीन सुरू झालं.

अक्कांची माफी मागायला हवी होती. "कड्या उद्यापर्यंत राहू द्या," एवढंच म्हणालो. निघताना देवीपुढची एक कडी कलंडली होती, ती सरळ करून ठेवली.